माजलगावच्या मरळीचं पोट

माजलगावच्या अलीकडे आमची एसटी उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकली आणि माझा पारा चढला. मराठवाड्यातल्या तलावांत कोण कोणाला खातं, याचा तक्ता आम्ही मित्रमंडळींनी दोन वर्षं खपून केला होता. त्याच संध्याकाळी तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला व्हायचा होता. माजलगाव धरणातली मरळ काय खाते, एवढीच ओळ रिकामी होती. ती भरून आणते असं मीच छातीठोकपणे सांगून बसले होते.

बाजारात मासे विकणाऱ्या उस्मानभाईंना फोनवर सांगून ठेवलं होतं, मरळीची पोटं फेकू नका, मला हवीत. त्यांनी ठेवलीही. बर्फाच्या डब्यात, उलटी करून, हळद-मीठ लावून, लखलखीत धुतलेली!

"अहो, आतलं कुठंय?"

"घाण व्हती, टाकली काढून. पाव्हण्याला तसंच द्यावं का म्याडम?"

मी कपाळावर हात मारला. आता चिडायचं तरी कोणावर?

शेजारी त्यांच्या पत्नी, शकीलाबी, विळीवर मासे चिरत होत्या. "तोंड पाडून कावून (का) बसल्या? पाटीत आजची मरळ हाय. गिऱ्हाईक आलं की चिरते, तुमी लिवून घ्या."

मग काय, पोट फाडायच्या आधीच गिऱ्हाइकं पैजा लावू लागली. "बेडूक असंल!" एक फेटेवाले मामा ओरडले. निघाला झिंगा. "हरले मामा!" मासे घेऊन झालेली माणसंही हलेनात. रोहू घ्यायला आलेली एक बाई म्हणाली, "मला बी मरळच द्या, बघू हिनं काय खाल्लंय." दुपारपर्यंत पाटी संपली. बेडकं, झिंगे, बारके मासे, एकीत चक्क खेकडा. दोन पोटं रिकामी निघाली, तेही लिहिलं. मला तर नाचावंसं वाटत होतं.

जेवल्याशिवाय सोडतील ती बीडची माणसं कसली! त्यांच्या घरी, बाजूला काढून ठेवलेल्या मरळीचा लालभडक रस्सा आणि ज्वारीची भाकरी. नाक पुसत पुसत मी तक्ता वाचून दाखवला. मरळीला कोण खातं? बगळा, पाणकावळा.

शकीलाबींचा हात थांबला. "आन् तुमी? ह्या ताटात बगळा जेवायलाय (जेवतोय) का?"

उस्मानभाईंना हसता हसता ठसका लागला. मी मात्र खरंच ओशाळले. आम्ही एवढी शिकलेली माणसं, दोन वर्षं तो तक्ता तपासत होतो आणि माणूस एकालाही आठवला नव्हता.

"निरीक्षक म्हणून तुमचं नाव लिहू?" मी शकीलाबींना विचारलं.

"लिवा की."

"धुतलेलं तेवढं लिवू नका," उस्मानभाई म्हणाले.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मोबाइलवर ओळ भरली. या वेळीही पुढे उसाचा ट्रॅक्टर आला, पण मला तो बराच वाटला, लिहायला वेळ मिळाला. तक्ता खुला करायच्या आधी शेवटची नोंद केली. मरळीला खाणारा: माणूस. निरीक्षक: शकीलाबी. शेरा: पुरावा म्हणजे मी स्वतः, दोनदा वाढून घेतलं.