थोरल्या मालकांचा ताप

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. बायकोलाही अर्धंच सांगितलं होतं.

चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांचे सुटे भाग बनत. मालक दोघे भाऊ. बहुतेक शेअर त्यांच्याकडे, थोडे बाजारात, थोडे आम्हा कामगारांकडे. ताळेबंद आम्हाला कळत नसे. आम्ही खंडेनवमी बघायचो. त्या दिवशी मशीन बंद, ऑइलच्या वासात झेंडूचा वास मिसळलेला, आणि दोघे भाऊ मोठ्या प्रेसपुढे मिळून नारळ वाढवत. ते एकमेकांशी हसून बोलले, की कामगार म्हणत, शेअर चढणार. बऱ्याचदा चढायचाही.

त्या वर्षी धाकटे एकटेच आले. इतकी शांतता, की पत्र्यावर कबुतरं चालताना ऐकू येत होती. धुपाच्या धुरात शेड तरंगत असल्यासारखी वाटत होती.

लेथवरचा माझा मित्र, मूळचा परभणीकडचा, जवळ सरकला. शेअर विकून देहूरोडची भाड्याची खोली सोडायची आणि सांगवीत दोन खोल्या घ्यायच्या, हे त्याचं ठरलेलं.

"राव, थोरले दिसंनात. भांडले का काय?"

"ताप आलाय त्यांना."

"मग शेअर ठेवू का दिवाळीपर्यंत?"

"ठेव की. घाई कसली?"

"बुडालो तर तुझ्याच घरी राहायला येईन बघ. वहिनीच्या हातचं खाईन."

आम्ही हसलो.

थोरल्यांना ताप नव्हता. ते आपला सगळा हिस्सा बाहेरच्यांना विकणार होते. मी कंपनी सेक्रेटरींच्या हाताखाली टायपिस्ट होतो; त्या विक्रीचं पत्र मीच टाइप केलं होतं. बाहेर बोलायला बंदी होती, ती मी पाळली. ही बातमी आधी कळलेल्यांना शेअर विकायलाही बंदी होती. पण बायकोच्या नावचे आमचे मी दोन दिवस आधीच विकले होते. मित्रापुढे गप्प राहता आलं असतं. 'ठेव' म्हणायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

बातमी आली तसा भाव घसरला आणि घसरतच राहिला. भावाभावांतच पटत नाही म्हटल्यावर घेणार कोण? मित्राच्या दोन खोल्या राहूनच गेल्या.

निवृत्तीनंतर एका दुपारी देहूरोडला त्याच्या त्याच खोलीवर गेलो. पडद्यातून पिवळसर उजेड झिरपत होता. चहा देत तो म्हणाला, "तुला तरी कुठं ठाऊक होतं, राव? तुझेबी बुडालेच की."

मी मान डोलावली. तो बिस्किटांचा डबा काढायला वळला, तेवढ्यात मी चपला घातल्या.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. मला त्याला एवढंच सांगायचं होतं: मला ठाऊक होतं. माझे बुडाले नाहीत. मला माफ कर.