हातमोजे चुलीपुढं

मी पडले ती उतारावर नाही, सपाटीवर. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावात, अणदुरात, अजूनही जो तो मला विचारतो, "बाई, केवढ्या उंचावरनं पडलात?" दर फेब्रुवारीत आठवडाभर औलीला जायचं, पायाला लांब पट्ट्या बांधायच्या आणि बर्फावरनं सरसर खाली यायचं, हा माझा कॉलेजातल्या एका शिबिरापासूनचा नाद. त्या दिवशीही झोकात खाली आले, थांबले, मैत्रिणीला म्हटलं काढ फोटो, आणि उभ्या उभ्या तोल गेला. पट्टी बर्फात रुतलेली, अंग एकीकडं, पाय दुसरीकडं. गुडघ्यात टक् झालं, वाळकी शेंग मोडावी तसं.

गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं. सोलापुरात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी माझ्याच मांडीमागच्या स्नायूची दोरी काढून गुडघ्यात बसवली आणि म्हणाले, नेमानं व्यायाम केलात तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत बर्फावर जाल. मी तिथंच खाटेवर ठरवून टाकलं, जायचं म्हणजे जायचं. पडले तरी नाक वर, असं नवरा म्हणाला. म्हणू दे. नाक माझं आहे.

खरा अडसर घरी होता. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या. मी तुळजापूरच्या शाळेत विज्ञान शिकवते, नवऱ्याचं खत-बियाणांचं दुकान आहे, पण घर चालतं ते आत्यांच्या शब्दावर. कुबड्या टेकत मी उंबऱ्यात आले तेव्हा त्यांनी माझ्यावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि लगेच तोंडाचा पट्टा सुरू केला.

"पदरचं पैसं घालून पाय मोडून आली! हात दाखवून अवलक्षण म्हंत्यात ते ह्येच. आता पुन्हा त्या बर्फाचं नाव काढायचं न्हाय ह्या घरात."

मला त्यांची परवानगी लागत होती असं नाही. मी कमावती बाई आहे, तिकीट काढून एसटीत बसले असते तर मला कोण अडवणार होतं? पण मागं घर रुसलेलं ठेवून उतारावर मजा येत नाही. मला आत्यांचा होकार हवा होता. तोही कुरकुरत दिलेला नाही, मनापासून दिलेला.

पण त्याआधी त्यांनी माझं बाळंतपण केलं. हसू नका. आमच्याकडं बाई खाटेला खिळली की तिच्यावर एकच इलाज, मग ती बाळंत झालेली असो की गुडघा मोडून आलेली. मला बाजेवर झोपवलं, कानाला फडकं गुंडाळलं, सकाळ-संध्याकाळ डिंकाचा लाडू दिला, आणि बाजेखाली गोवऱ्यांचे निखारे ठेवून वर ओवा टाकला. "शेकानं शिरा जुळून येत्यात," आत्या म्हणायच्या. मला छान ऊब यायची, झोप लागायची. विज्ञान शिकवणारी मी, पण त्या ओव्याच्या वासात माझं सगळं विज्ञान पेंगत होतं. आठवड्यात गुडघा भोपळ्यासारखा टम्म फुगला.

व्यायाम शिकवायला तुळजापूरहून फिजिओथेरपीच्या मॅडम येत. वयानं लहान, आवाज मात्र हेडमास्तरांचा. गुडघा बघून त्या कडाडल्या, "शेक कुणी दिला? ताज्या ऑपरेशनला शेक? बर्फ लावायचा, बर्फ!"

आत्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "बर्फानं मोडलं, अन् इलाज बी बर्फच? म्हंजी चोरालाच राखण बसवायचं व्हय?"

मॅडम निघून गेल्यावर आत्या कितीतरी वेळ चुलीपुढं बसून होत्या. मग निखाऱ्यांची शेगडी त्यांनी स्वतःच उचलून अंगणात नेली आणि पाणी ओतून विझवली. आत आल्या तेव्हा डोळे लाल होते. म्हणाल्या, धूर गेला डोळ्यात. मला वाईट वाटलं. जीव लावूनच तर शेकत होत्या.

ऊन तापायला लागलं होतं. दुपारभर लाईट नसायची, फ्रिजमधला बर्फ पाणी होऊन जायचा. तेव्हा आत्या स्टीलचा डबा घेऊन स्टँडजवळच्या रसवंतीवर निघाल्या. आयुष्यात कधी उसाचा रस विकत प्यायल्या नव्हत्या, "आपल्याच रानातला ऊस, अन् पैसं द्यायचं?" म्हणून. पण माझ्यासाठी रोज रसवंतीवाल्याशी हुज्जत घालून, भुशातल्या बर्फाच्या लादीचा तुकडा फोडून आणू लागल्या. घरी येऊन फडक्यात गुंडाळून वरवंट्यानं ठेचायचा आणि गुडघ्यावर धरून बसायचं. हात गारठायचे. एके दिवशी माझी बॅग उपसून त्यांनी माझे बर्फातले जाडजूड हातमोजे काढले आणि चढवले.

"ब्येस हैत गं," हात उलटेसुलटे करून बघत म्हणाल्या. "तुला तर आता लागायचं न्हाईत. मला ऱ्हाऊ दे."

ते 'लागायचं न्हाईत' मला झोंबलं. सूज उतरली, बर्फाची गरज संपली, पण हातमोजे काही परत आले नाहीत. चुलीवरचा तवा उतरवायला, भज्यांची कढई धरायला, सगळ्याला हातमोजे. इतके महागाचे माझे हातमोजे काजळीनं काळे होताना मी रोज बघत होते आणि दात-ओठ खात टाचेखाली टॉवेल ठेवून गुडघा दाबत होते. राग फुकट घालवायचा नाही, हा माझा स्वभाव. तो सगळा मी व्यायामात घातला. आधी कुबड्या सुटल्या, मग गुडघ्याचा पट्टा सुटला, मग जिना आला. पावसाळा संपता संपता मी शाळेत उभी राहून शिकवत होते, आणि दिवाळीनंतर मॅडमनी मला नुसत्या मोडलेल्या पायावर उड्या मारायला लावल्या. "पाय पक्का झाला," त्या म्हणाल्या. "जा बर्फात."

मी नाचतच स्वयंपाकघरात गेले. आत्या भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "फरशीवर कुणीबी उड्या मारतंय. ढेकळात टिकला तर पाय म्हणायचा." मग भाकरी तव्यावर टाकत म्हणाल्या, "येळवस यायलीय. बिंदगं घिऊन रानात चल. न सांडता नेलंस तर म्या तुला अडवायची न्हाय."

येळवस म्हणजे आमच्या भागातली येळा अमावस्या. त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळं घर रानात. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोपी, म्हणजे छोटी झोपडी, करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, बेसन लावलेल्या मिसळ भाजीचा, म्हणजे भज्जीचा, आणि बाजरीच्या उंड्यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि ताकात शिजवलेली ज्वारीची आंबील शिवारभर शिंपडायची. ती आंबील बिंदग्यात, म्हणजे मातीच्या छोट्या घड्यात भरून घरच्या सुनेनं अनवाणी, डोक्यावरनं न्यायची. वाटेत सांडली तर वर्षाच्या पिकाला अपशकुन. आत्या या बाबतीत फार कडक. तेव्हा त्यांनी नुसता माझा गुडघा पणाला लावला नव्हता, आपलं रान पण लावलं होतं. हे माझ्या ध्यानात आलं.

त्या सकाळी धाकटी जाऊ नटून तयारच होती. गेल्या येळवशीपासूनच बिंदग्यावर तिचा डोळा होता. आत्यांनी तिच्या हातात भाकऱ्यांची टोपली दिली आणि चुंबळ माझ्या डोक्यावर ठेवली. घोंगडी पांघरवली, बिंदगं चढवलं. मग माझ्या मागं चालायला लागल्या. एवढ्या जवळनं, की त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

सडकेवर काही वाटलं नाही. नांगरट लागली तशी प्रत्येक ढेकूळ पायाखाली फिरायला लागलं. गुडघा चाचपत होता, पण वळत नव्हता. मान ताठ, नजर लांब. बर्फावरही हेच शिकवतात, पायाकडं बघायचं नाही. आणि मग आला शेवटचा बांध. पलीकडच्या उताराला शेजाऱ्यानं पहाटे सोडलेलं पाणी झिरपलेलं, काळी माती लोण्यासारखी निसरडी.

"थांब!" आत्या ओरडल्या. "दे ते बिंदगं जावंकडं. माझं मागणं न्हाय गं बाई, पाय संबाळ!"

"आत्या, हाच तर माझा उतार," मी म्हटलं.

दोन्ही गुडघे वाकवले, अंग उताराला आडवं केलं आणि कडेकडेनं एकेक पाऊल रुतवत खाली सरकले. मधेच खालचा पाय घसरला. नेमका तोच, ऑपरेशनचा. सगळा भार त्याच्यावर आला, बिंदग्यातली आंबील डुचमळली, आणि गुडघ्यानं तो भार धरला! मी खाली पोचले. घोंगडीवर एक शिंतोडाही नव्हता. मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं, पण डोक्यावर शिवाराचं दान होतं.

वळून बघते तर आत्या बांधावरच उभ्या. त्यांचे गुडघे केव्हाचे झिजलेत, पण कधी कबूल करायच्या नाहीत. मी बिंदगं जावेकडं दिलं, परत वर चढले आणि हात पुढं केला.

"आडव्या उभ्या राहा. गुडघे वाकवा. पायाकडं बघू नका, माझ्याकडं बघा."

"तुला लई शाणी समजतीस," म्हणत त्यांनी हात घट्ट धरला. आम्ही दोघी खेकड्यासारख्या बांध उतरलो. खाली आल्यावर त्या धापा टाकत हसायला लागल्या.

"ह्येच करतीस व्हय तितं?"

"हेच. फक्त जोरात."

"अन् ह्याला पैसं पडत्यात?"

"पडतात."

"येडी हाईस," त्या म्हणाल्या. मग कोपीत जाऊन पांडवांना हळदी-कुंकू लावताना त्यांनी तेच कुंकवाचं बोट माझ्या गुडघ्याला लुगड्यावरनंच टेकवलं. जेवताना भज्जी मला दोनदा वाढली.

फेब्रुवारीत निघायच्या सकाळी बॅग उघडली तर सगळ्यात वर हातमोजे होते. धुतलेले, उन्हात वाळवलेले. काजळी काही सगळी गेली नव्हती, बोटांच्या टोकांना चुलीचा काळा रंग तसाच. मी ते हातात धरून उभी राहिले. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

आत्या चुलीपुढं फडक्यानं तवा उतरवत होत्या.

"आत्या, हे तुम्हाला लागतील की. मी तिथं दुसरे घेईन."

"म्या कुठं दिलं तुला? निस्तं घालाय दिलेत." त्यांनी तवा खाली ठेवला आणि त्या सकाळी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. "माझं हातमोजं मला माघारी पायजेत. तुझ्याच हातात घालून आण. अन् चालत ये."