बर्नाडेटची उघडी मूठ

आयोवातल्या हॅल्व्हर्सन कॉलेजात बर्नाडेट ग्रॅबोव्स्की टॉवेल वाटायची. व्यायामशाळेच्या तळघरात एक खिडकी होती आणि खिडकीमागे ही. मुलं घामेजलेली यायची, ही कोरडा टॉवेल द्यायची, ओला परत आला की चिमटीत धरून टोपलीत टाकायची. चाळिशी उलटल्यावर माणसाने याच्याहून वर चढायला हवं असं तिला अधूनमधून वाटे. पण वर चढायचं म्हणजे जिने आले. "देवाने मला गुडघे आणि महत्त्वाकांक्षा एकाच मापाच्या दिल्यात," असं ती नवऱ्याला सांगायची. नवरा व्हर्जिल हा कॉलेजच्याच गावचा. बाल्टिमोरच्या बंदरात क्रेन दुरुस्त करायला गेला होता, तिथे हिच्याशी लग्न केलं आणि वडील थकले तेव्हा हिला घेऊन मक्याच्या मुलखात परतला.

एका सकाळी खिडकीशी डेल व्हॅन्डरप्लोग येऊन उभा राहिला. कॉलेजातले सगळे खेळ त्याच्या हाताखाली होते. टॉवेल न मागता तो उभा आहे म्हटल्यावर बर्नाडेटला वाटलं, गेली नोकरी.

"तुम्ही बाल्टिमोरच्या ना?"

"हो. पण त्यात माझा दोष नाही."

"मग लॅक्रोस येत असेल तुम्हाला."

अडचण अशी होती की कॉलेजात मुली येईनाशा झाल्या होत्या. वरच्या मंडळींपैकी कुणीतरी सांगितलं की पूर्वेकडे, बाल्टिमोरच्या बाजूला, मुली या खेळासाठी जीव टाकतात, आता तो ओहायो, इलिनॉय करत इकडे सरकतो आहे. आपण संघ काढला तर मुली येतील. काठ्या मागवून झाल्या होत्या. कोच मिळत नव्हता, कारण आयोवात तेव्हा हा खेळ पाहिलेला माणूस शोधणं म्हणजे समुद्र पाहिलेली कोंबडी शोधण्यासारखं होतं.

बर्नाडेटने खरं ते सांगितलं. ती बाल्टिमोरच्या ब्रॅकनेल कॉलेजच्या संघात चार वर्षं गोलकीपर होती, पण गोलात कमी आणि बाकावर जास्त. एकदा पहिल्या गोलकीपरचा घोटा मुरगळला म्हणून हिला उभी केली, तर मध्यंतराच्या आत अकरा गोल झाले. मग त्या लंगडणारीलाच परत उभी केली.

डेल मान हलवत ऐकत होता. "खरे खेळाडू असंच बोलतात," तो म्हणाला. "फुशारक्या मारणारे मी रोज बघतो. सोमवारपासून या."

पहिल्या दिवशी मैदानावर चौदा मुली आल्या. काही बास्केटबॉलमधून गळलेल्या, काही सॉफ्टबॉलला कंटाळलेल्या. जोलीन नावाची एक शेळ्या पाळणाऱ्या घरातली दांडगी मुलगी हात वर करून म्हणाली, "कोच, लॅक्रोस म्हणजे ते लॅक्टोज, दूध पचत नाही तेच ना? आमच्या काकूला आहे."

"तेच समजा," बर्नाडेट म्हणाली. "मलाही ते कधी पचलं नाही."

मुली हसल्या आणि काठ्या उचलल्या. काठीच्या टोकाच्या झोळीत चेंडू ठेवून पळायचं आणि तो पडू द्यायचा नाही, एवढ्यातच पहिला महिना गेला. बर्नाडेटकडे शिकवण्यासारखं जे होतं ते बाकावरचं होतं. चार वर्षं तिथे बसल्यामुळे तिच्या जुन्या कोच मिस प्रेंटिस मैदानाच्या कडेने जे जे ओरडायच्या ते सगळं तिला पाठ होतं. स्वतःला त्यातलं एक जमलं नव्हतं, पण ओरडता उत्तम यायचं.

पहिली दोन वर्षं ते हरले. खेळायला कुणी जवळ नव्हतंच. पार इलिनॉयला जायचं, मार खायचा आणि बसमध्ये सँडविच खात परत यायचं. मग हळूहळू नेब्रास्का, मिनेसोटा, कॅन्सासमधल्या कॉलेजांनीही संघ काढले, आणि ते यांच्यापेक्षा नवखे निघाले. वासरात लंगडी गाय शहाणी, तसं हॅल्व्हर्सन जिंकायला लागलं. गावात बोलबाला झाला. न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या कॉफीला लोक सांगू लागले की बाल्टिमोरची मोठी खेळाडू आहे बाई, देशाच्या संघातही असती, पण व्हर्जिलसाठी सगळं सोडून आली. व्हर्जिलला हे ऐकून थोडं अपराधी वाटायला लागलं होतं.

बर्नाडेट जमेल तिथे सांगायची. वार्षिक जेवणाला भाषण करायला उभी केली तेव्हा तिने अकरा गोलांची गोष्ट हातवारे करून सांगितली. लोक पोट धरून हसले, उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि डेल शेजारच्याला म्हणाला, "बघितलं? काय विनय आहे." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. हिने बिचारीने मूठ सताड उघडून दाखवली होती, तरी लोकांना तिच्यात सव्वा लाखच दिसत होते.

चौथ्या वर्षी हॅल्व्हर्सनने आसपासच्या कॉलेजांची स्पर्धा जिंकली आणि नियमाप्रमाणे देशपातळीवरच्या स्पर्धेत त्यांना जागा मिळाली. पहिल्या फेरीत कोण कुणाशी खेळणार ते सांगणारा कार्यक्रम सगळ्या मुलींनी जेवणघरात बसून पडद्यावर पाहिला. नाव आलं ब्रॅकनेल. सामना बाल्टिमोरला, ब्रॅकनेलच्याच मैदानावर. मुली नाचल्या. बर्नाडेटने हातातला केकचा तुकडा टेबलावर ठेवला. दोन घास खाल्ले होते त्याचे.

"आता सगळं बाहेर येणार तुझं," घरी व्हर्जिल म्हणाला.

"येऊ दे की. मी चार वर्षं घसा कोरडा करतेय. कुणीतरी साक्षीदार मिळेल."

आणि तिला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

सामन्याच्या आदल्या दुपारी मुली ब्रॅकनेलच्या मैदानावर सराव करत होत्या. हिरवळ इतकी सारखी की जोलीनने वाकून हात लावून पाहिला. गोलात मारेन होती; मारेन त्याडेन, उंच, अबोल, धान्याच्या कोठाराजवळ वाढलेली. बर्नाडेटचं म्हणणं ती देवाच्या शब्दासारखं ऐकायची. तेवढ्यात कुंपणाजवळून काठी टेकत एक म्हातारी आली. ऐंशीच्या पुढची, पांढरी टोपी, पाठीचा कणा ध्वजाच्या खांबासारखा. मिस प्रेंटिस निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण त्या अजून सगळे सामने बघायला येत.

बर्नाडेट आपोआप ताठ उभी राहिली. चार वर्षांत मुलींनी तिला असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं, म्हणून त्या गोळा झाल्या.

"मिस प्रेंटिस, मी बर्नाडेट. ग्रॅबोव्स्की. तुम्हाला आठवत नसेल."

"न आठवायला काय झालं?" मिस प्रेंटिस म्हणाल्या. मग मुलींकडे वळल्या. "ही तुमची कोच का? छान. माझ्या आख्ख्या कारकिर्दीत इतकी वाईट गोलकीपर मी पाहिली नाही."

जोलीन सवयीने हसली आणि मध्येच थांबली, कारण म्हातारी हसत नव्हती.

"मग संघात का ठेवलंत?" मारेनने विचारलं. एवढं मोठं वाक्य ती अनोळखी माणसाशी सहसा बोलत नसे.

"सरावाला उपयोगी होती. हिच्यावर गोल मारले की आमच्या मुलींना उभारी यायची. हरलेल्या सामन्यानंतर मी मुद्दाम हिलाच उभी करायचे."

बर्नाडेट हसली. थोडं उशिरा हसली, पण हसली. "ऐकलंत ना? मी सांगत नव्हते?" ती म्हणाली. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मारेन बुटाच्या नाड्या बघत होती. परत जाताना बसमध्ये कुणी गाणी म्हटली नाहीत.

संध्याकाळी बर्नाडेट भावाकडे जेवायला गेली. कॅझ अजून हायलँडटाउन भागातल्या, भिंतीला भिंत लागलेल्या घरांच्या ओळीतल्या त्याच जुन्या घरात राहायचा आणि लोकांची छपरं दुरुस्त करायचा. त्याने अंगणातल्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून खेकडे ओतले होते, वर लाल मसाला. बर्नाडेटने कवच फोडायची लाकडी हातोडी उचलली आणि एका खेकड्याचा असा भुगा केला की त्यात खाण्यासारखं काही उरलं नाही.

"काय गं, त्याने काय केलंय तुझं?" कॅझने विचारलं.

तिने सांगितलं. उभारीचं वाक्य सांगताना तिचा आवाज जरा चिरकला, तिलाच नवल वाटलं.

"पण हे तू स्वतःच सगळ्यांना सांगत हिंडतेस ना? नाताळला आलीस की दर वेळी ती अकरा गोलांची गोष्ट. माझ्या पोरांना तोंडपाठ आहे."

"मी सांगते ते वेगळं."

"ते कसं?"

बर्नाडेटने खेकड्याचा पाय चोखला, विचार केला. "मी सांगितलं की कुणी खरं मानत नाही."

कॅझ खो खो हसला. हसता हसता मसाला डोळ्यात गेला म्हणून थांबला. "आपणच आपल्याला गुदगुल्या केल्या तर काही होत नाही, बर्ने. दुसऱ्याचं बोट लागलं की कळतं. आणि एक सांगू? तू खरंच फार वाईट होतीस. आई सामन्याला यायची ती डोळे मिटून जपमाळ ओढत बसायची. तिने एकही गोल पाहिला नाही, मी मोजून सांगायचो."

"उद्या येणार आहेस का तू?"

"येणार तर. मोजायला कुणी नको?"

बर्नाडेटने दुसरा खेकडा घेतला आणि या वेळी नीट फोडला. जेवण झाल्यावरही तिला बरं वाटत होतं असं नाही, पण भूक भागली होती. इतकी वर्षं ती स्वतःला हसत होती ती लोकांनी "छे छे, काहीतरीच काय" म्हणावं म्हणून, हे तिला तिथे, बोटं मसाल्याने बरबटलेली असताना कळलं. गावाने तिच्या नावावर जमा केलेलं मोठेपण ती रोज नाकारत होती आणि रोज घरी घेऊन जात होती.

दुसऱ्या दिवशी ऊन कडक होतं. ब्रॅकनेलच्या मुली चालायला लागल्यापासून काठी धरत आल्या होत्या, चेंडू त्यांच्या झोळीतून झोळीत असा जायचा की हॅल्व्हर्सनच्या मुली नुसत्या माना वळवत राहायच्या. पहिल्या सत्रात सात गोल झाले. दुसऱ्यात बारावा झाला तेव्हा बर्नाडेटने खेळ थांबवायला सांगितलं. मुली कडेला आल्या, पाणी प्यायल्या, कुणी तिच्याकडे बघेना. मारेनने शिरस्त्राण काढलं. चेहरा लालबुंद.

"कोच," ती म्हणाली, "अकराव्या गोलानंतर तुम्ही काय करायचात?"

चेष्टा नव्हती. ती खरंच विचारत होती. बर्नाडेटच्या ओठांवर मिस प्रेंटिसची दोन-तीन वाक्यं आली, ती तिने गिळली.

"काही नाही," ती म्हणाली. "अकरानंतर मला बाहेर काढलं होतं. तू आत्ताच माझ्या पुढे गेलीयेस. इथून पुढचा रस्ता मला माहीत नाही बाई, तूच बघून ये आणि मला सांग."

मारेनने शिरस्त्राण परत डोक्यावर चढवलं. मग तिच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. ती हसत होती. जोलीन हसली, सगळ्याच हसायला लागल्या. पलीकडच्या बाजूला ब्रॅकनेलच्या मुली बघत होत्या की बारा गोल खाऊन या कशाला खिदळताहेत.

त्यानंतर चमत्कार वगैरे झाला नाही. मारेनने काही चेंडू अडवले, त्यातला एक हनुवटीने. जोलीन दोन मुलींना अंगावर घेऊन गोलापर्यंत पोचली आणि चेंडू आत मारला, तेव्हा कॅझ एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्यांनी कॉफी सांडली. सामना एकोणीस-पाच असा गेला.

संपल्यावर मिस प्रेंटिस काठी टेकत आल्या. "काल मी जास्त बोलले का?"

"नाही. खरं तेच बोललात."

"मग ठीक. तुझी गोलकीपर काठी फार खाली धरते. वर घ्यायला सांग." आणि त्या निघून गेल्या.

बर्नाडेट वळली तर बाकावर पोझी आणि रूथान या दोन मुली बसलेल्या दिसल्या. त्यांचे कपडे इस्त्रीतून काढल्यासारखे स्वच्छ होते. दोघींना तिने एक मिनिटही खेळवलं नव्हतं. बारा गोलांनी मागे असताना, जिंकायची काडीचीही आशा नसताना, बर्नाडेट म्हातारीला काहीतरी दाखवायच्या नादात होती. चार वर्षं बाक झिजवलेल्या बाईला बाकच दिसला नव्हता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विमानतळावर तिने दोघींची माफी मागितली.

"असू दे हो, कोच," पोझी म्हणाली. "ऊन बघितलंत ना काय होतं ते? मी तर मनात म्हणत होते, आपल्याकडे नको बघायला यांनी." रूथान मात्र काही बोलली नाही, आणि ते बर्नाडेटने लक्षात ठेवलं. पुढच्या मोसमात पहिल्या सामन्यात पहिली उतरली ती रूथान.

मग वर्षं भराभर गेली. आयोवातल्या शाळांत हा खेळ आला. कॉलेजला अशा मुली यायला लागल्या ज्या आठव्या वर्षापासून खेळत होत्या आणि सरावात बर्नाडेटचं वाक्य तिच्याआधी पूर्ण करायच्या. एकीने तर तिला काठी धरायची नवी पद्धत शिकवली. बर्नाडेट ती शिकली, आणि मग डेलकडे जाऊन म्हणाली की मारेनला बोलवा. मारेन तेव्हा मिनेसोटात दुसऱ्या संघाला शिकवत होती. ती आली, मुख्य कोच झाली, आणि बर्नाडेट तिच्या हाताखाली गोलकीपर घडवते. "ज्या विषयात नापास झाले तोच शिकवते," असं ती सांगते. ऐकणारे हसतात, आणि त्यांनी खरं मानलं तरी आता तिला फारसं लागत नाही. थोडं लागतं.

जोलीन पलीकडच्या तालुक्यातल्या कॉलेजात कोच झाली. शेळ्याही आहेत. गेल्या वसंतात तिच्या मुलींनी हॅल्व्हर्सनला चांगलं आठ गोलांनी हरवलं. व्हर्जिलने गाडी काढली होती, पाऊण तासात दोघं घरी आली आणि बर्नाडेटने स्वयंपाकाला लागता लागता त्याला म्हटलं, "किती सोय झाली बघ. आता हरायला बाल्टिमोरपर्यंत जावं लागत नाही."