चार सिटिंगचं पुस्तक

दाढ काढायची असेल तर पातळ पुस्तक. दाढ भरायची असेल तर त्याहून पातळ, कारण मध्येच आत बोलावतात आणि मग माणूस तोंडात कापूस घेऊन 'पुढं काय झालं' असं डोळ्यांनी विचारत राहतो. तारा लावायला येणाऱ्या पोरींना सत्तावीस भागांची मालिका, कारण तारा दोन वर्षं चालतात आणि त्या मालिकेतली मारामारीही तेवढीच चालते. रूट कॅनल असेल तर चार सिटिंगमध्ये संपेल असं एकच जाड पुस्तक, पण शेवट गोड हवा.

"चार वेळा तोंड वासून बसलेल्या माणसाला शेवटी रडवायचं नसतं," मावशी म्हणायच्या.

मावशी म्हणजे आमच्या दाताच्या दवाखान्यातल्या काउंटरवरच्या बाई. सख्ख्या भाचरांपेक्षा त्यांना मावशी म्हणणारे माझ्यासारखे पेशंटच जास्त. बावीस वर्षं त्या त्याच स्टुलावर, त्याच फोनशेजारी बसत आल्या होत्या. बावीस वर्षं लोकांनी त्यांना एकच प्रश्न विचारला होता, "अजून किती वेळ?" आणि त्यांनी एकच उत्तर दिलं होतं, "झालंच, पाच मिनिटं." दोन्ही संवाद इतके मुरले होते की कधीकधी प्रश्नाच्या आधीच उत्तर यायचं.

मग एक दिवस कुणीतरी सोफ्यावर एक कॉमिक विसरून गेलं. मावशींनी ते फोनखाली जपून ठेवलं, तीन दिवस वाट पाहिली आणि चौथ्या दिवशी, फक्त नाव कुठं लिहिलंय का बघावं म्हणून, उघडलं. मालक कधीच आला नाही. मावशी मात्र त्या दिवशी दोन फोन उचलायच्या विसरल्या. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा एखादं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं, आणि त्याच्या पुढचा भाग मिळवायला त्या रद्दीच्या तीन दुकानांत जाऊन गुडघ्यावर बसल्या होत्या.

त्यातून काउंटरला लागूनच एक रॅक उभा राहिला. मूळचा चपलांचा, तीन कप्प्यांचा. खाली राक्षस आणि रोबो, मध्ये मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्सची भाषांतरं, वर जाड पुठ्ठ्याची गंभीर पुस्तकं. वरचा कप्पा खास ऑफिसची बॅग घेऊन येणाऱ्यांसाठी.

"हे कॉमिक्स मी वाचत नाही हो," अशी एक बॅग म्हणायची.

"बरोबर आहे. तुमच्यासाठी ते नाहीच. तुम्ही ही ग्राफिक नॉव्हेल बघा."

कॉमिक म्हटलं की हात मागे जायचा. ग्राफिक नॉव्हेल म्हटलं की चष्मा पुढे यायचा. आतली चित्रं तीच, चौकटी त्याच, माणसंही तशीच एकमेकांना फसवणारी, पण बॅग मांडीवर ठेवून गृहस्थ असे वाचायचे जणू आत कुणाचा तरी ऑपरेशनचा रिपोर्ट आहे.

एकदा एका आजीबाईंनी पुस्तक हातात घेऊन विचारलं, "आधी चित्र बघू की अक्षर वाचू? दोन्ही एकदम मला जमायचं नाही."

"लग्नाला जाता तेव्हा काय करता?" मावशी म्हणाल्या. "आधी कोण कसं तोंड करून बसलंय ते बघता ना? मग जवळ जाऊन ऐकता. तसंच."

आजीबाईंनी त्या दिवशी कवळीचं माप द्यायला आत जायला चक्क नकार दिला.

आणि प्रश्न बदलला. दारातून येणारा माणूस आता 'अजून किती वेळ' विचारेना. तो विचारायचा, "मावशी, पुढचा भाग आला का?" बावीस वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी मावशींकडून वेळ सोडून आणखी काही हवं होतं. त्या या गोष्टीबद्दल कधी बोलल्या नाहीत. स्टुलावर मात्र ताठ बसायला लागल्या.

घरी याचं कौतुक शून्य. नवरा पोस्टातून निवृत्त झालेला, दिवसभर पेपर वाचणारा. "या वयात पोरांची पुस्तकं वाचतेस," तो म्हणायचा.

"तुम्ही रोज त्याच बातम्या वाचता. मी काही बोलते का?"

संकट आलं ते धाकट्या डॉक्टरांच्या रूपानं. धाकट्या डॉक्टर म्हणजे डॉक्टरांची मुलगी, पुढचं शिक्षण घेऊन नुकतीच दवाखान्यात रुजू झालेली. स्वभावानं चांगली, बोलायला गोड आणि डोक्यात भिंती पाडायच्या योजना.

"मावशी, वाईट वाटून घेऊ नका. पण पेशंट आत आला की त्याला पहिलं काय दिसतं? चपलांचा रॅक. आणि त्यात राक्षस."

"राक्षस खालच्या कप्प्यात आहेत. वर सगळे सभ्य आहेत."

"तिथं आपण मोठा स्क्रीन लावतोय. त्यावर दातांची माहिती येत राहील. तुम्हालाही आराम."

मावशींना आराम नको होता. स्क्रीन आला की काय होणार हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. लोक त्या हसणाऱ्या दातांकडे दोन मिनिटं बघणार, मग मान वळवून म्हणणार, अजून किती वेळ.

त्यांनी थोरल्या डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर नुसता आरसा फिरवून कुठलीही किडलेली दाढ ओळखायचे, पण मुलगी आणि मावशी यांच्यामध्ये उभं राहायची वेळ आली की त्यांना एकदम हात धुवायची आठवण व्हायची. ते हात धुऊन आले आणि म्हणाले, "वहीत ती नोंदही आहे ना."

नोंद होती. दवाखान्याच्या सूचना-वहीत आठ वर्षांत दोनच नोंदी झाल्या होत्या. पहिली पंखा कुरकुरतो अशी, आणि दुसरी महिन्यापूर्वीची: 'प्रतीक्षाकक्षात प्रौढ व्यक्तींच्या हाती बालिश चित्रवह्या दिल्या जातात. हे अभिरुचीस घातक असून दातांस हितकारक असल्याचाही पुरावा नाही. – एक हितचिंतक.' हितचिंतकानं जाता जाता पंख्याच्या नोंदीतले दोन ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईनं दुरुस्त केले होते. त्यामुळे हितचिंतक कोण, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

ते सर होते. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. डॉक्टरांचेही तेच आणि धाकट्या डॉक्टरांचेही तेच. बाप-लेक दोघांच्या गृहपाठावर त्यांनी शेरे मारले होते आणि दोघंही अजून त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभे राहायचे. आता सरांच्या उजव्या दाढेचं रूट कॅनल सुरू होणार होतं. चार सिटिंग.

"असं करू," डॉक्टर म्हणाले. "सरांची कॅप शनिवारी, चौदा तारखेला बसेल. तोवर सरांचं मत बदललं तर रॅक राहील. नाहीतर स्क्रीनवाल्याला त्याच दिवशी बोलावू."

मावशी घरी जाऊन अर्धी रात्र विचार करत बसल्या नाहीत. त्यांनी तिथंच मधल्या कप्प्यातून एक जाड जपानी पुस्तक काढलं. एका बड्या अधिकाऱ्याची गोष्ट. मोठं टेबल, मोठी खुर्ची, टाय, आणि चेहरा बंद दारासारखा. तो हळूहळू सगळं सोडत जातो, खुर्ची, बंगला, टाय, आणि शेवटी नदीवर नावाडी होऊन पहिल्यांदा खळखळून हसतो. शेवट गोड. अगदी चार सिटिंगचं.

मांगा उजवीकडून उघडायचा असतो, आपल्या पुस्तकाचं जिथं शेवटचं पान असतं तिथून. नव्या वाचकाला पुस्तक देताना मावशी हे न चुकता सांगायच्या. सरांनाही सांगायला लागल्या.

"सर, हे पुस्तक जरा असं..."

"बाई, छत्तीस वर्षं मी वाचन शिकवलंय. पुस्तक कसं धरायचं ते मला सांगू नका."

"नाही, म्हणजे उजव्या बाजूनं..."

"उजवी बाजू बधिर आहे माझी. बोलायला लावू नका मला."

पहिल्या दिवशी सरांनी नाक मुरडत वाचलं. दुसऱ्या दिवशी ते अर्धा तास आधी आले. सर आत गेल्यावर मावशींनी खूण कुठं आहे ते बघायला पुस्तक उचललं. शेवटच्या पानावर, नावाडी हसतो त्या पानावर, कोपऱ्यातला छापील आकडा पेन्सिलनं खोडून शेजारी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: एक. पुढच्यावर दोन. छापखान्याची ढिलाई सरांनी स्वतः निस्तरली होती.

त्या रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

"त्याला आवडतंय ना?" नवरा म्हणाला.

"फारच."

"मग गप्प बस. मी पेपर खेळाच्या पानापासून मागे वाचत येतो. मला कधी कुणी अडवलंय?"

मावशी गप्प बसल्या. तिसरं सिटिंग असंच गेलं. शनिवारी सकाळी ड्रिल घेऊन स्क्रीनवाला आला तेव्हा मावशींनी त्याला काउंटरवरूनच राक्षसांमधलं एक पातळ पुस्तक देऊन कोपऱ्यात बसवलं. सोफ्यावर तारांवाल्या दोन शाळकरी मुली होत्या, अकराव्या आणि बाराव्या भागात बुडलेल्या. मी अक्कलदाढेसाठी त्यांच्या शेजारी होते.

कॅप बसवून सर बाहेर आले, राहिलेली पंधरा पानं उभ्यानंच संपवली, आणि पुस्तक मिटून वर्गासमोर उभं राहावं तसे उभे राहिले. दोन्ही डॉक्टर हातमोजे काढत दारात आले.

"मग, सर?" थोरल्यांनी विचारलं.

"माझा गैरसमज होता," सर म्हणाले. दवाखान्यात इतकी शांतता झाली की पंख्याची कुरकुर ऐकू आली. "अत्यंत संस्कारक्षम पुस्तक. एक नावाडी आहे. बेजबाबदार, सदा खिदळणारा. पण पानागणिक सुधारत जातो. आधी बूट येतात, मग टाय येतो, मग बंगला. शेवटी एवढ्या मोठ्या टेबलामागं बसतो. आणि चेहऱ्यावरचं हसू बघा कसं कमी कमी होत जातं. जबाबदारीची जाणीव ती."

"संवाद कसे वाटले?" धाकट्या डॉक्टरांनी उगाच विचारलं.

"तीच तर खुबी. उत्तर आधी येतं, प्रश्न नंतर. आयुष्यभर मी मुलांकडून हेच करून घेत होतो."

मुलींनी अकरावा आणि बारावा भाग एकदमच नाकापर्यंत वर घेतला. वरून नुसते डोळे दिसत होते, हसू दाबून पाण्यानं भरलेले.

"रॅक हलवायचा नाही," सर म्हणाले, आणि वहीत तसं लिहून खाली तारीख घातली.

मावशी जिंकल्या होत्या. धाकट्या डॉक्टरांचे खांदे पडले होते, थोरले सुटल्यासारखे हात धुवायला निघाले होते.

"शिवाय," सर म्हणाले, "सोमवारी शाळेत बक्षीस समारंभ आहे. प्रमुख पाहुणा मीच. बोलणार या पुस्तकावर. सहाशे मुलं समोर असतील."

मावशींनी सोफ्याकडं बघितलं. दोन मुलींचीच ही अवस्था. त्यांनी सहाशेंचा विचार केला. मग त्या स्टुलावरून उतरल्या, काउंटरच्या बाहेर आल्या. त्यांना मी कधी काउंटरच्या बाहेर बघितलं नव्हतं. वाटल्या त्यापेक्षा बुटक्या निघाल्या.

"सर, माझ्याकडून चूक झाली. बसता जरा?"

"कसली चूक?"

"औषध दिलं आणि कसं घ्यायचं ते सांगितलं नाही. म्हणजे सांगत होते, पण तुम्ही नको म्हणालात आणि मी सुटले." त्यांनी पुस्तक पालथं करून सरांच्या हातात ठेवलं. "हे इकडून आहे. जपानी पुस्तकं इकडूनच असतात."

सरांनी पुस्तक उलटसुलट करून बघितलं. "इकडून म्हणजे, हे पहिलं पान?"

"हो."

"आणि टेबल?"

"तिथं तो सुरुवातीला असतो."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"दुसऱ्या सिटिंगपासून. रॅक जाईल म्हणून बोलले नाही."

सर बसले. रागावून उठून जातील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि उजवीकडून पहिलं पान उघडलं. माझी दाढ काढून झाली, मुलींच्या तारा आवळून झाल्या, स्क्रीनवाल्यानं राक्षसांचा दुसरा भाग मागून घेतला, तरी सर वाचतच होते. मावशी फाइलवर फाइल लावत होत्या आणि एकही योग्य जागी लागत नव्हती. सर शेवटच्या पानाशी आले. मग खिशातून लाल पेन काढून त्यांनी सूचना-वही ओढली.

मावशींनी डोळे मिटले.

"मग ड्रिल मारू की नको?" स्क्रीनवाल्यानं कोपऱ्यातून विचारलं.

"तिथं नको," सर म्हणाले. "छत्तीस वर्षांत दिलेले गुण मी कधी परत घेतलेले नाहीत. आता या दाढेपायी घेणार नाही." त्यांनी स्वतःच्याच नोंदीतला 'संस्कारक्षम' हा शब्द लाल शाईनं खोडला आणि वर दुसरं काही न लिहिता पेन मिटलं. "तो नावाडी झाला ते मला मुळीच पटलेलं नाही. पण हसतो बरा."

"आणि सोमवारचं भाषण?" थोरल्या डॉक्टरांनी घाबरत विचारलं.

"बघू. पोरांनाच विचारतो, कुठून सुरू करू."

स्क्रीन शेवटी लागला तो बाहेर, चपला काढायच्या जागी. तिथं दात दिवसभर हसतात आणि लोक खाली वाकलेले असतात.

सर दारापर्यंत गेले, थांबले, आणि डाव्या गालावर बोट टेकवत परत आले.

"बाई, इकडच्या एका दाढेला गार पाणी लागतं."

"आत्ता बघते ना, सर," धाकट्या डॉक्टर म्हणाल्या.

"तुम्हाला नाही विचारलं." सर काउंटरवर वाकले. "चार सिटिंगचं आणखी काही आहे का? आणि या वेळी कुठून उघडायचं ते आधी सांगा. मी मध्ये बोलणार नाही."