उणे सातला गोठलेले थेंब

ताटलीवरचे थेंब उणे सात अंशांलाच गोठले. मी बघतच राहिलो. रोज असेच थेंब उणे वीसपर्यंत दम धरायचे.

शुद्ध पाणी शून्याखाली गेलं म्हणून लगेच गोठत नाही. त्याला निमित्त लागतं, एखादा कण. धूळ, परागकण, जंतू, काहीही. ढगात बर्फ धरतो तो बहुतेक अशाच कणांवर. पुण्याच्या हवेत ते किती, हे मी मोजत होतो. येरवड्यातल्या एका गच्चीवर पंप हवा ओढायचा, फिल्टरवर कण अडकायचे. ते पाण्यात धुवायचे आणि त्या पाण्याचे थेंब गार करायचे.

ओळीने तीन दिवसांचे फिल्टर असे निघाले. पाणी बदललं. कोरा फिल्टर तपासला, तो नेहमीसारखाच. नमुना उकळला, तर सगळा प्रताप गायब! म्हणजे कण सजीवांपासून आलेले. पण तीनच दिवस कसे? डोकं चालेना.

प्रकल्पाच्या प्रमुख मॅडम मात्र खूश. "अहो, हाच आपला रिसर्च पेपर. पहिलं नाव तुमचं."

माझं कंत्राट महिन्याभरात संपणार होतं. पेपर झाला तर मुदतवाढ नक्की. मला मनातून उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू?

खात्रीसाठी वर्कशॉपच्या शेखभाईंना घेऊन गच्चीवर गेलो. पंप त्यांनीच बसवलेला. त्यांनी पंपाची वरची टोपी काढली आणि आतून झेंडूच्या वाळक्या पाकळ्या बाहेर आल्या.

"साहेब, खंडेनवमीला हार कुणी घातला?"

मीच. यंत्राची पूजा नको का करायला? तारखाही जुळल्या. लाज वाटली.

मॅडमना सांगितलं, "ते तीन दिवस रद्द करतो."

"करा. मग पेपरमध्ये काय छापायचं, झेंडू?"

पेपर गेला, मुदतवाढही गेली. खराडीतल्या एका कंपनीत एअर प्युरिफायर तपासायला लागलो.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर शेखभाईंचा फोन आला. माझ्या जागी आलेल्या बाईंनी मुद्दाम तसाच हार घालून तीन दिवसांचे फिल्टर तपासले होते.

"साहेब, थेंब उणे सोळाला गोठले. सातला नाही."

मग ते तीन दिवस हवेत काय होतं? शेखभाईंना माहीत नाही, मला तर नाहीच. नमुने मी स्वतः बेसिनमध्ये ओतले होते. शंका आली की आधी तपासावं आणि मग ओतावं, एवढं साधं होतं.