रुखवताच्या बरणीतला बेडूक

बेडकाच्या गोष्टी दिव्यावरच्या किड्यांसारख्या असतात. एक आली की तिच्यामागून दुसरी येतेच. माहेरी मैत्रिणी विचारतात, "सासू कशी आहे गं?" आणि मी सुरू होते बेडकापासून. त्याला माझा इलाज नाही. परतूरच्या आमच्या घरात लग्नानंतर माझी पहिली नीट ओळख झाली ती त्याच्याशीच.

हे शाळेत मास्तर. परसातल्या केळीवरून त्यांनी तो धरून आणलेला. झाडावर राहणारा, मातकट पिवळा, बोटांच्या टोकांना टिकल्या लावल्यासारख्या चकत्या. काचेवर सरळ उभा चढायचा. राहायला त्याला मिळाली माझ्या रुखवतातली काचेची बरणी, जिच्यात आईनं चिरोटे भरून पाठवले होते.

पहिल्या सणाला आई आली. चहा घेता घेता तिनं विचारलं, "बरणी वापरता ना?"

सासूबाई म्हणाल्या, "एक दिवस रिकामी राह्यली न्हाई."

*

हा बेडूक मेलेलं काही खात नाही. हललं तरच त्याला दिसतं. म्हणून रोज दिवेलागणीला हे कंदील घेऊन परसात निघायचे आणि बरणी धरायला मी मागून.

वडीलधाऱ्यांसमोर नव्या सुनेनं नवऱ्याशी बोलायचं नाही, ही घरची रीत. त्यामुळे आमचं जे काय बोलणं व्हायचं, ते केळीखाली नाकतोडे धरताना.

"तिकडं उडाला."

"धरला?"

"न्हाई."

आमचा संसार एवढ्यावर चालला होता, आणि चांगला चालला होता.

मामंजींची आडत. एकदा वाटूरचे एक पाटील कापसाचा भाव विचारायला आले. हे ओसरीवर बसून चिमट्यानं बेडकाला एकेक नाकतोडा भरवत होते. पाटील बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, जावयाचंबी आम्ही एवढं करत न्हाई."

*

एकादशीला सासूबाईंनी फर्मान काढलं. "आज ह्या घरात कुणाच्या तोंडी जीव जाणार न्हाई. त्याच्याबी."

हे म्हणाले, "आई, तो साबुदाणा खात न्हाई. हलत न्हाई ना तो."

"मंग हलवू की."

त्यांनी भिजवलेला साबुदाणा दोऱ्याला बांधला आणि बरणीत झुलवत बसल्या. बेडकानं झडप घातली, गिळायला गेला, आणि पुढच्या दोन्ही पायांनी तो तोंडातून ओढून काढला.

सासूबाईंनी दोरा गुंडाळला. "राहू द्या. निर्जळी धरलीय त्यानं."

निर्जळीवाला तेव्हा गळ्यापर्यंत पाण्यात बसला होता.

*

मग टोपीचं झालं. तहसील कचेरीतले एक साहेब मामंजींकडे आले. उंच, गोंड्याची रुमी टोपी त्यांनी खुंटीला अडकवली. बरणीचं फडकं सैल राहिलेलं. बेडकाला अंधारी, गार जागा लागते. साहेब टोपी घालून, सगळ्यांना आदाब करून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा चपराशी आला. दोन्ही हातांत टोपी, वरून रुमाल.

"साहब पूछ रहे, ये तुमारे घर के हैं क्या? कल से कुछ खाए नहीं."

मामंजींचा चेहरा उतरला. चपराशी गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "उद्या हा घरात दिसला न्हाई पायजे. बिलकुल."

हे खाली मान घालून ओसरीवरून उठले. बेडूक सोडायचं काम माझ्याकडे आलं.

*

सकाळी सासूबाई माझ्यासोबत मळ्यापर्यंत आल्या. मी बरणी विहिरीजवळच्या केळीपाशी आडवी धरली. बेडूक आधी निघेना. मग पानावर चढला आणि पाठ फिरवून बसला.

"एवढं तोंड पाडायला काय झालं गं? बेडूक तर हाये."

मी फारशी बोलत नाही. पण त्या दिवशी बोलले. "संध्याकाळचं काम गेलं, आत्याबाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, बरणी माझ्या हातातून घेतली आणि घराकडे चालू लागल्या.

दिवेलागण झाली. हे ओसरीच्या एका टोकाला पुस्तक उघडून बसलेले, पान काही उलटत नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात. मामंजी सुपारी कातरत होते.

सासूबाई आतून आल्या. धुतलेली, रिकामी बरणी, तोंडाला फडकं नीट बांधलेलं. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि कंदील यांच्यापुढे ठेवला.

"ऊठ रे. बेडूक उपाशी राहील. दोघं जा आन् नाकतोडे धरून आणा. जल्दी यायचं काही काम न्हाई."

मामंजींचा अडकित्ता थांबला. "अगं, बेडूक तर तुम्ही दोघी सकाळीच सोडून आल्त्या ना?"

"मंग?" सासूबाई म्हणाल्या. "आज काय एकादशी हाये?"