पहिली ट्रायल कोणाची?

माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सला तीन वर्षं झाली होती, आणि या तीन वर्षांत मी आमची गाडी क्वार्टरच्या फाटकाबाहेर एकदाही काढली नव्हती. लायसन्स अस्सल होतं बरं. दुर्ग शहरातल्या मोटार स्कूलमध्ये शिकून, परीक्षा देऊन मिळवलेलं, वर मध्य प्रदेश शासनाचा शिक्का. पण गाडीची किल्ली यांच्या खिशात. मी मागितली की आमच्या नवऱ्याचं एकच उत्तर: "अवो, जुनं इंजिन आहे. त्याची नाडी मलेच समजते. तुले भर रस्त्यात दगा देईल ते."

गाडी म्हणजे पांढरी, गोलमटोल अँबॅसिडर. पुलाचा चढ आला की तिला धाप लागायची. बाजारात जायचं असो की चरोद्याला भावाकडे, आधी यांची सुटी हवी आणि मग यांचा मूड हवा. कॉलनीतल्या बाया यांनाच विचारायच्या, "भाईसाहब, इतवार को दुर्ग जा रहे हैं क्या?" आणि हे असे विचारात पडायचे, जसं काही यांना विमान उडवायचं आहे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एकदा पाहुण्यांसमोर मी हट्टच धरला, तेव्हा हे बोलून गेले, "नवं इंजिन टाकलं का तू चालव. बस?" मी तो शब्द पदराला गाठ मारून ठेवला.

नवं म्हणजे अगदी नवं नव्हतं. रायपूरच्या जुन्या मालाच्या बाजारातून यांनी एक जपानी डिझेल इंजिन उचलून आणलं. टर्बोवालं. म्हणजे धुराच्या जोरावर एक लहानसा पंखा फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हे पोलादाच्या कारखान्यात, म्हणजे आमच्या भाषेत प्लांटमध्ये, नोकरीला. तिथल्या मशीन शॉपमधल्या यांच्या मित्रानं ते आमच्या मागच्या वऱ्हांड्यात पूर्ण उघडलं. सहा महिने माझ्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी पिस्टन होते. बेअरिंग माझ्या पुरणाच्या ताटात. मी एक शब्द बोलले नाही. मी गप्प बसते आहे म्हणून हेच घाबरले होते.

मग तो रविवार आला. एका इंजिनाला चार मेकॅनिक, आणि चौघंही प्लांटचे. प्लांटची माणसं घरचा नळ दुरुस्त करायचा तरी आधी सगळं बंद करून रीतसर शटडाउन घेतात. यांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर कामाचं परमिट लिहिलं आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. अंगणात तीन पाइपांच्या तिपाईला वजन उचलायचा साखळीचा चेनब्लॉक टांगला. क्रेन विभागातले यांचे एक मित्र, आमच्या नागपूरकडचेच, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणायची, ते गळ्यात शिट्टी अडकवून आले होते. इंजिन जमिनीपासून वीतभर उचललं आणि त्यांनी अशी शिट्टी फुंकली, की पलीकडच्या घरातले लोक जेवता जेवता बाहेर आले.

"वहिनी, लोडच्या खाली कोणी नाही पाहिजे!"

"भाऊ, मी स्वयंपाकघरात आहे."

"तरी सांगून राहिलो."

हे गाडीखाली झोपलेले. वरून इंजिन उतरतंय. हे खालून ओरडतात, "जरा डावीकडे घ्या!" पण भाऊ ढिम्म. त्यांच्याकडं नियम असा, की इशारा एकाच माणसानं द्यायचा, आणि तो माणूस गाडीखाली नसावा. तीन बोल्ट बसले. चौथ्या बोल्टानं पाऊण तास घेतला. तेवढ्या वेळात माझे साबुदाणा वडे तळून झाले आणि निम्मे संपलेही.

चौथे मेकॅनिक म्हणजे आमचे शेजारी, आंध्राकडचे. प्लांटमध्ये भट्टीला हवा पुरवणाऱ्या विभागात होते. टर्बो पाहून त्यांना उमाळाच आला. "ये तो हमारे ब्लोअर का बच्चा है!" म्हणाले. नट-बोल्ट आत पडू नये म्हणून त्यांनी टर्बोच्या तोंडात फडका कोंबला, माझा भांडी पुसायचा, आणि त्यावर प्लांटसारखंच लाल कार्ड बांधलं: चालू करू नये. खाली सही, तारीख, वेळ. मग त्यांची दुपारची शिफ्ट होती, ते हात धुऊन निघून गेले.

साडेतीनला सगळं जोडून झालं. रेडिएटर भरला, तेल भरलं. मी पदराला हात पुसत बाहेर आले आणि हात पुढं केला. "आणा किल्ली."

हे नजर चुकवायला लागले. "अवो, नवं इंजिन आहे. पहिले हजार किलोमीटर लय नाजूक असतात. तेवढे मी काढतो, मग तू आहेच."

हजार किलोमीटर! आमची गाडी महिन्याला पन्नास चालायची. मी मनात हिशेब केला आणि माझं डोकंच सणकलं. चार माणसांत भांडायचं नाही म्हणून मी दात-ओठ खात परत फिरले. तेवढ्यात मशीन शॉपवाले हळूच म्हणाले, "साहेब, कार्ड."

तिघंही त्या लाल कार्डाकडे पाहत उभे राहिले. प्लांटमध्ये कार्ड ज्यानं बांधलं, त्यानंच सोडायचं. दुसऱ्यानं हात लावला आणि मशीनच्या आत माणूस असला, तर? हे मला ठाऊक होतं. पण इथं आत माझा फडका होता.

"काढा न मग," मी म्हटलं.

तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी देवाला लाथ मारायला सांगितलं. "तो येईल न रात्री दहाले," हे म्हणाले आणि ओट्यावर बसले. बाकीचे दोघंही बसले. इंजिन तयार, गाडी तयार, आणि तीन इंजिनिअर रात्रीचे दहा वाजायची वाट पाहत चहा मागताहेत! हसू तर आलंच, पण त्याच क्षणी मला माझा रस्ताही दिसला.

"कार्डवाला दुसऱ्याले अधिकार नाही देऊ शकत का?" मी अगदी भोळ्या चेहऱ्यानं विचारलं.

"लेखी दिला तर देऊ शकते," क्रेनवाले भाऊ म्हणाले. "नावानिशी."

मी चहा ठेवलाच नाही. डब्यात सहा वडे भरले, शेजारणीची लूना मोपेड मागून घेतली आणि थेट प्लांटचं गेट गाठलं. आत निरोप पाठवला. शेजारी धावतच बाहेर आले, त्यांना वाटलं घरी काही झालं. सगळं ऐकून पोट धरून हसले. मग खिशातला कागद काढला. मी सांगितलं, "कार्ड मैं निकालूँगी, ये लिखिए. और पहली ट्रायल भी मैं ही लूँगी, ये भी लिखिए."

"भाभीजी, साहब नाराज होंगे."

मी डब्याचं झाकण उघडलं. त्यांनी एक वडा खाल्ला, दुसरा घेतला आणि दोन्ही ओळी लिहिल्या. खाली सही, तारीख, वेळ.

घरी येऊन मी चिठ्ठी यांच्या हातात दिली. यांनी दोनदा वाचली. क्रेनवाल्या भाऊंनी वाचली, मशीन शॉपवाल्यांनी वाचली. कुणाला चूक सापडेना. "साहेब, कागद तं बरोबर आहे," भाऊ म्हणाले. यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. काय सांगू, लग्नातल्या मंगळसूत्रानंही मला एवढा आनंद झाला नव्हता!

मी कार्ड सोडलं, फडका ओढून काढला आणि स्टार्टर मारला. दोन-तीनदा खोकून इंजिन धडधडलं. काळा धूर थेट पलीकडच्या वाळत घातलेल्या चादरींवर. हे बाजूला बसले, ते दोघं मागं. गाडी फाटकाबाहेर निघाली. पुलाच्या चढावर आधी काहीच झालं नाही. मग टर्बोची बारीक शिट्टी वाजली, आणि मागून कुणी ढकलावं तशी गाडी वर निघाली.

"चाळीसच्या वर नाही! चाळीसच्या वर नाही!" हे डॅशबोर्ड धरून ओरडले. मागं भाऊ जोरात हसत होते.

पुलाच्या माथ्यावर मी वेग कमी केला. यांचा आवाज एकदम खाली आला. "इंजिनाचं काही नव्हतं वो," हे म्हणाले. "तू चालवाले लागली तर मले कोण विचारन, असं वाटे."

तीन वर्षांचा राग होता माझा. तो एका वाक्यात जाईल असं मला वाटलं नव्हतं, आणि सगळा गेलाही नाही. पण एवढा मोठा माणूस, लोखंडाच्या रोलिंग मिलला धाक घालणारा, आणि भीती ही! पुढं मोठा रस्ता आला. मी गाडी थांबवली, इंडिकेटरला हात घातला आणि यांच्याकडे वळून अगदी मनापासून विचारलं, "अहो, कुठं वळू?"

हे सावरून बसले. बाही सारखी केली, दोन्ही बाजूंचा रस्ता नीट पाहून घेतला आणि म्हणाले, "डावीकडे घे. दुर्गकडे ट्राफिक कमी आहे."

मी मान डोलावली आणि गाडी उजवीकडे घेतली. रोज विचारीन, हे मी त्याच क्षणी मनाशी ठरवलं होतं. ऐकायचं मात्र कुठं ठरवलं होतं?